केनियातल्या पणतूला फोन

“लग्नबिग्न काही नाही! पोरगी आधी शाळा संपवेल!” शेजारच्या सीटवरच्या अनोळखी काकू फोनवर आधी मराठीत, मग मोडक्या स्वाहिलीत अशा गरजल्या, की सिडनीहून पॅरामॅटाला जाणाऱ्या आमच्या ट्रेनचा ड्रायव्हरही सावरून बसला असेल. त्या वर्षांत आम्ही भारतीय विद्यार्थी इतके आलो होतो, की ऑस्ट्रेलिया खंड एका बाजूला कलला होता. त्या डब्यातही आम्हीच जास्त, पण काकूंचा आवाज ऐकून सगळ्यांनी माना मोबाइलमध्ये घातल्या.

मला मराठी कळतंय हे ताडून काकूंनी फोनवर हात धरून खुलासा केला. त्या पुण्याच्या निवृत्त शिक्षिका, सध्या लेकीकडे आलेल्या. दरवर्षी केनियात मसाई वस्तीवर जाऊन मुलींना शाळेत घालायच्या. तिकडे मोठ्यांनी लहानांच्या डोक्यावर हात ठेवायची रीत. काकूंनी पहिल्याच दिवशी उत्साहात ऐंशी वर्षांच्या वस्तीप्रमुखाच्याच डोक्यावर ठेवला!

“हसला रे, आणि मला आजी म्हणायला लागला. हा फोनवरचा, पोरीचा बाप, त्याचा मुलगा. म्हणजे माझा पणतू! पणतूला दटावायला परवानगी कशाला?”

मग फोनवरचा हात काढून त्या पलीकडचं ऐकू लागल्या, माझी बाही घट्ट धरून.

फोन ठेवल्यावर मी भीत भीत विचारलं, “काय म्हणाला?”

“पोरीचा गणवेश आखूड झालाय, येताना नवा आणा म्हणाला.”