घायपाताखालची तिसरी बाटली

हे मी याआधी कुठे लिहिलेलं नाही. तीन वर्षं कुणाजवळ बोललोही नाही — बायकोजवळसुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी चहातली साखरही लपवत नाही. तपशील आधी देतो. तपशिलात हा माणूस चुकत नाही, असं माझ्याबद्दल लोक म्हणतात, आणि सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. तीन वर्षांपूर्वीचा, दसऱ्यानंतरचा शनिवार. जागा — डोंगरगणच्या वरची डोंगराची धार. हजर माणसं तीन: मी, माझा मित्र बापू आणि बापूची बायको सुनंदा वहिनी. पाण्याच्या बाटल्या तीन.

तीन होत्या. दोन नव्हत्या.

मी एका पतसंस्थेत हिशोब बघतो. बापूचं सावेडीत फरशीचं दुकान आहे. पन्नाशीच्या तोंडावर आम्ही दोघं पळायला लागलो ते पोटं सुटली म्हणून. वहिनी आल्या त्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. आम्ही पुढे पळायचो, त्या मागून चालत यायच्या. सहा महिन्यांत त्या मागून पळत यायला लागल्या. वर्षभरात असं झालं की चढावर आम्ही दोघं कमरेवर हात ठेवून उभे, आणि वहिनी शेजारून निघून जायच्या — जाता जाता बोलत! "भाऊजी, बघा, सीताफळं डोळे उघडायला लागलीत." अहो, मला श्वास घेता येत नव्हता, मी सीताफळं कुठून बघू?

त्यांचं पळणं बघण्यासारखं आहे, म्हणून जरा सांगतो. छोटी पावलं. एकाही पावलाला घाई नाही. उतारावर आम्ही ब्रेक लावत, घसरत, शिव्या देत उतरतो. त्या पाणी उतरावं तशा उतरतात. वाटेत वेफर्सची रिकामी पाकिटं दिसली की वाकून उचलतात आणि ओढणीत बांधतात, तरी आमच्या मागे पडत नाहीत. मी आयुष्यात फार कमी माणसांकडे बघून 'असं आपल्याला यायला हवं' म्हटलंय. त्यातल्या त्या एक.

त्या वर्षी आम्ही तिघांनी अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या एका शर्यतीत उतरायचं ठरवलं होतं. थंडीत होणारी, पंचवीस किलोमीटरची. वहिनींची तयारी आमच्यापेक्षा चांगली होती. मुलगी पुण्याहून खास बूट घेऊन आली होती. घरात भिंतीवर त्या शर्यतीच्या वाटेचा नकाशा लावला होता — त्यांनी स्वतः, पोळ्यांच्या कणकेने चिकटवून. बापू म्हणायचा, "माझा फोटो कधी लावला नाही एवढ्या हौसेनं."

आता पाण्याचं. दसऱ्यानंतर पाऊस गेलेला असतो, गवत पिवळं पडतं, कुसळं मोज्यात शिरतात, आणि दहा वाजता ऊन असं चावतं की उन्हाळा बरा. रविवारच्या लांबच्या पळण्यात धारेवर पाणी कुठेच मिळत नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही दोन स्कूटरवर जाऊन पाणी ठेवून यायचो. कच्च्या रस्त्याला गाडी लावायची, थोडं वर चालायचं, घायपाताच्या एका मोठ्या झुडपाखाली बाटल्या ठेवायच्या, वर दगड. त्या शनिवारी बापू खाली गाडीपाशी फोनवर गिऱ्हाइकाशी भांडत होता. मी माझी बाटली ठेवली. वहिनींनी बापूची ठेवली आणि स्वतःची ठेवली. मी बघितलं. मीच दगड लावले.

रविवारी मी सुटलो. का सुटलो? आदल्या आठवड्यात वहिनी माझ्या पुढे पोचल्या होत्या म्हणून. दुसरं कारण नाही. ताकदीबाहेर पळालो आणि घायपाताशी पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पोटरीत गोळा आला होता. माझी बाटली प्यायलो. ती संपली तरी तोंड कोरडंच. मग दुसरी उघडली.

कुणाची उघडायची, हे मी ठरवलं. एकदम नाही — थांबून ठरवलं. बापूची उघडली तर बापू आरडाओरडा करेल, वर्षभर चारचौघांत ऐकवेल. वहिनी काही बोलणार नाहीत. हा विचार मी केला. तहानलेल्या माणसाच्या डोक्यात एवढा नीट विचार कसा येतो? पण आला. वहिनींची, निळ्या झाकणाची बाटली मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

तोपर्यंतही सगळं निस्तरण्यासारखं होतं. ते दोघं आले की सांगायचं — वहिनी, तुमचं पाणी मी प्यायलो. त्या हसल्या असत्या. पण ते वळणावर दिसले आणि माझ्या हातांनी ती बाटली चुरगाळून पाठीवरच्या पिशवीत घातली. तिचा तो कडकड आवाज — तो मला अजून आठवतो.

वहिनींनी दगड बाजूला केले. खाली एकच बाटली, बापूची. त्यांनी झुडपाभोवती फिरून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, मी काल दोन ठेवल्या ना?"

माकडांनी नेली असेल, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटं, पण साधं खोटं. मी काय म्हणालो? म्हणालो, "नाही वहिनी. निघताना मी मोजल्या होत्या. माझी आणि बापूची. दोनच होत्या."

माझा हिशोब. त्यावर कोण शंका घेणार?

आणि आता जे सांगायचं ते पाण्यापेक्षा वाईट आहे. वहिनींच्या आईला शेवटी कुणाचीच ओळख राहिली नव्हती. पोटच्या मुलीला ती "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" असं विचारायची. त्याची सुरुवात अशीच झाली होती — दूध गॅसवर ठेवलं असं वाटणं, आणि ठेवलेलं नसणं. वहिनी आठ वर्षं ते बघत होत्या. आपल्यालाही ते होईल, ही एकच भीती वहिनींना होती. मला हे माहीत होतं. त्यांनीच एकदा चढावर सांगितलं होतं. त्या क्षणी त्यांचा चेहरा बदलला, तो कशाने बदलला, हे मला कळलं होतं. मी गप्प राहिलो.

बापूने आपली बाटली पुढे केली. त्यांनी दोन घोट घेतले आणि परत दिली. "तुम्हालाही उतरायचंय," म्हणाल्या. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. उरलेली वाट त्या तशाच पळाल्या, त्या उन्हात, त्याच छोट्या पावलांनी. एकदाही बसल्या नाहीत. खाली चहाच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "बाई, लई तोंड उतरलंय वं तुमचं. आदी गूळ खा, मंग पानी प्या." वहिनींनी गूळ खाल्ला. आणि मला म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमचाही वेळ गेला."

त्यानंतर डॉक्टर झाले, मेंदूची तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. पण मशीनने ठीक म्हटलं म्हणून माणसाला ठीक वाटतं का? त्यांनी शर्यतीतून नाव काढून घेतलं. "डोंगरात मधेच वाट विसरले तर?" एवढंच कारण दिलं. नकाशा भिंतीवरून उतरला. मी आणि बापू पळालो. शेवटच्या रेषेवर त्या डब्यात थालीपीठं घेऊन उभ्या होत्या, आणि मी आलो तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या त्यांनी वाजवल्या. ती थालीपीठं मी खाल्ली. दोन.

तीन वर्षं वहिनी पळत राहिल्या, पण एकट्या कधीच नाही. कायम बापूच्या मागे, त्याच्या पाठीवर नजर ठेवून. जिची चाल दुप्पट, ती त्याच्या चालीने. एवढी भीती पोटात घेऊन एकही रविवार चुकवला नाही — माझ्यावर आली असती तर मी अंथरुणातून उठलो नसतो. आणि दर शनिवारी धारेवर पाणी ठेवलं की त्या मला विचारायच्या, मलाच — "भाऊजी, बघा बरं, ठेवली ना मी?" मी म्हणायचो, ठेवली. दर शनिवारी म्हणायचो.

या दिवाळीत त्यांची मुलगी आली होती. चेष्टेने आईचा मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, आमच्या आईचा अल्बम बघा." बाटल्यांचे फोटो. घायपाताखालच्या बाटल्या, शनिवारमागून शनिवार. मधेमधे बंद गॅसचं बटण, कुलूप लावलेलं दार. बोटाने सरकवत गेलं तरी संपेनात. मुलगी हसत होती, बापू हसत होता, वहिनीही हसत होत्या. "म्हातारपण आलं," म्हणाल्या.

गेल्या शनिवारी आम्ही तिघं पाणी ठेवायला गेलो. त्यांनी बाटल्या ठेवल्या, मोबाईल काढला. तेव्हा मी सांगितलं. बोलता आलं तसं, तुटक. तिसरी होती. मी प्यायलो. मोजल्याचं खोटं होतं. बाटली पिशवीत होती, सोमवारी घंटागाडीत टाकली.

बापू पुढे आला. मला वाटलं मारतो. "अरे, रात्र रात्र रडली रे ती," एवढंच म्हणाला.

वहिनी दगडावर बसल्या. मोबाईल ओढणीत गुंडाळला आणि म्हणाल्या, "निळ्या झाकणाची?"

"हो."

"म्हणजे मी ठेवली होती."

माझ्याशी नव्हत्या बोलत. पुन्हा एकदा तेच म्हणाल्या, जरा मोठ्याने, बापूकडे बघून. रडल्या नाहीत. मग माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्या बाईच्या तोंडून मी कुणासाठीही कडू शब्द ऐकला नाही, आणि तेव्हाही आवाज चढला नव्हता.

"भाऊजी, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मी हो म्हणालो. माफी मागितली नाही. मागितली असती तर काहीतरी उत्तर देणं त्यांच्यावर पडलं असतं.

बापू स्कूटरकडे वळला. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही गाडी घेऊन या, मी धारेने उतरते." अंधार पडायला अजून वेळ होता. तो काहीतरी बोलायला गेला, तोवर त्या निघाल्या होत्या. छोटी पावलं, घाई नाही. पुढे कुणी नव्हतं. वाट जिथे दोन ठिकाणी फुटते तिथे त्या थांबल्या नाहीत, मागे वळूनही बघितलं नाही. बरोबर वाटेने गेल्या.