नंदाच्या वाट्याचं भांडण

दाजींचा फोन आला तेव्हा मी आळ्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या बघत उभी होते. "सुमन, नंदा गेली," एवढंच म्हणाले. मी हातातली जुडी खाली ठेवली, भाजीवालीनं पाणी दिलं. आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, हिनं जातानासुद्धा मला मागं टाकलं.

नंदा माझी चुलत बहीण. बोरीत एकाच अंगणात वाढलो आम्ही. मी तिच्यावर जळायचे हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं, तिला तर सगळ्यांच्या आधी. रांगोळी माझी चांगली, हात माझा स्थिर, पण चित्रकला शिकायला पुण्याला गेली ती. परत आली ती मंचरच्या विठ्ठलशी लग्न ठरवूनच. तेच आमचे दाजी, तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घरात आठवडाभर तिच्याशी कुणी बोललं नाही. पुढं दोघं सिनेमाच्या सुरुवातीची नावं करायला लागली. दाजी अक्षरं काढायचे. ती पडद्यावर कशी यायची, किती थांबायची, ते नंदा ठरवायची. मग दोघांचं नाव जोडीनं झळकायचं... आणि मी अंधारात बसून पदर चावायचे.

पहिल्याच सिनेमात 'एक गाव होतं' असं लिहायचं होतं. लिहिलं गेलं 'एक गाव व्हतं'. आमच्या तोंडात तेच बसलेलं, मग हातातून दुसरं काय उतरणार? दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्यानं तसंच ठेवलं. मंचरच्या टॉकीजमध्ये लोकांनी शिट्ट्या मारल्या. ही चूक कुणाची, यावर दोघांचं जन्मभर भांडण. एकमेकांवर ढकलायला नव्हे हो, दोघांनाही ती आपलीच हवी होती! दाजी म्हणायचे ब्रश माझ्या हातात व्हता, नंदा म्हणायची मजकूर मी सांगत व्हते. मी घरात दिवसातून शंभरदा 'व्हतं' म्हणते, माझ्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही.

तरी नावाचं मी सोसलं असतं. सोसवायचं नाही ते त्यांचं भांडण. आळेफाट्याजवळ घर बांधून दोघं परत आली, तेव्हापासून माझं तिथं सारखं जाणं. बघावं तर एका वेलांटीवरून सकाळपासून जुंपलेली, गॅसवर भाजी करपलेली. "नाव लई पळतंय, वाचू द्या की माणसाला," असं नंदा म्हणाली की दाजी तणतणत बाहेर जायचे, आणि चप्पल न काढताच परत येऊन तिच्या मनासारखं करायचे. आमच्या ह्यांनी मला कधी उलट शब्द काढला नाही. मी काहीही केलं तरी 'बरंय'. बायका म्हणतात, नशीब काढलंस. कप्पाळ! वाद घालायला समोरच्याचं आधी ऐकावं लागतं.

ती गेल्यावर महिन्याभरानं दाजींनी बोलावलं. एका सिनेमाची नावं अर्धी राहिली होती. मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर त्यांनी मला नंदाच्या खुर्चीत बसवलं. "बघ आणि सांग," म्हणाले. इतकी वर्षं ज्या जागेकडं बघून जीव जळला, तिथं मी बसले होते. नावं आली, गेली. तिसरं नाव मात्र वाचून व्हायच्या आतच निघून गेलं. अगदी ओठावर आलं माझ्या... पण माणूस दुःखात, त्याला कशाला टोचायचं?

"छान झालंय, दाजी," मी म्हणाले.

त्यांनी माऊस बाजूला सारला. मग म्हणाले, "तिसरं मी मुद्दाम पळवलं व्हतं. नंदा स्वतःच्या तेराव्यालाबी उठून भांडली असती."

मी बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी कॉम्प्युटर बंद केला होता. ते उठून स्वयंपाकघरात गेले, स्वतः चहा टाकला. त्या घरात आजवर मी ओट्याला टेकून, हाताला लागेल त्या पेल्यातून चहा प्यायले. त्या दिवशी दाजींनी कपाटातली पाहुण्यांची कपबशी काढली.