दत्ताला नोकरी खरी सांगितली, त्याची गोष्ट

आधी चहा घ्या, कारण हे ऐकल्यावर माझ्या अकलेबद्दलचं तुमचं मत काही शाबूत राहायचं नाही. अहो, चाकणमध्ये इतकी वर्षं कंपनीसाठी माणसं भरतेय मी, थापा मारून कधी गोत्यात आले नाही. आले ती एकदाच, खरं बोलून!

आमच्या धंद्याची रीत ठाऊक आहे ना? मी म्हणायचं, "काम हलकं आहे, कॅन्टीन झकास, सहा महिन्यांत पर्मनंट." समोरच्याने म्हणायचं, "मशिनचा अनुभव आहे, ओव्हरटाइमला कधी नाही म्हणणार नाही." दोघांनाही ठाऊक, दोघंही फेकतायत. मग सोमवारी माणूस रुजू होतो, दुपारी जेवायला जातो, तो गेला तो गेलाच! फोन बंद. सेफ्टी शूजसकट पसार!

प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रे दाबणाऱ्या मशिनांच्या शेडमधल्या, एका जागेवर तर माणूस टिकेचना. शेवटी आमच्या देशपांडे साहेबांनी, म्हणजे प्लँट हेडनी, मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आता येईल तो माणूस पळाला, तर त्याच्या पाठोपाठ तुम्हीही निघा." तेही शांतपणे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं हो. नवरा घरी बसलेला, घर माझ्याच पगारावर चाललेलं.

विचार केला, माणसं थापा ऐकून येतात म्हणून पळतात. खरं ऐकून येईल तो राहील. सांगा, काय चुकलं माझं?

आला दत्ता. परभणीकडचा, आयटीआय झालेला, चिखलीत खोली घेऊन राहणारा. मी त्याच्यापुढे सगळं ओतलं. "हे बघ दत्ता, शेडमध्ये मरणाचा उकाडा. दिवसभर उभं राहायचं, आवाजाने कान किटतात. कॅन्टीनची डाळ म्हणजे हळदीचं पाणी. आणि पर्मनंट व्हायचं स्वप्नसुद्धा बघू नकोस. पगार मात्र वेळेवर होतो. जमेल?"

दत्ता माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही रे! तू चांगला वाटलास म्हणून तर सांगतेय."

"बरं," म्हणाला आणि उतरल्या तोंडाने गेला. मला वाटलं, पोरगा विचार करतोय.

विचार कसला! तो तडक गेला घरमालकाकडे. घरमालक म्हणजे चिखलीचे नाना. गावातलं जुनं घराणं, आणि आमच्या कामगारांना ने-आण करणाऱ्या बस त्यांच्याच. संध्याकाळी नानांचा फोन.

"म्याडम, जागा कुनासाठी धरून ठिवलीया?"

"कुणासाठी नाही हो नाना!"

"मंग पोराला भ्या का दावताय? सोताच्या कंपनीला कुनी नावं ठेवतं व्हय? आमी काय दूधखुळं न्हाई."

"नाना, देवाशपथ, मी खरं तेच सांगितलं."

"खरं? एचआरनं?" आणि नाना इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला!

दुसऱ्या दिवशी नाना दत्ताला घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये. मला बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "तुमचा कुणी भाऊबिऊ बसवायचाय का त्या जागेवर? आणि कॅन्टीनच्या डाळीबद्दल काय बोललात म्हणे?"

'साहेब, एकदा खाऊन बघा,' असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून दत्ता म्हणाला, "मॅडम, कंपनीत लागलो म्हणून गावाकडं सांगून बसलोय. आता कसं तोंड दाखवू?" त्याची नोकरी लागत नव्हती आणि माझी जात होती.

मग काय! खुर्ची ओढली, नेहमीचं हसू चेहऱ्यावर चढवलं आणि सुरू झाले. "अरे दत्ता, काल गंमत केली तुझी! काम एकदम हलकं. शेडमध्ये हे एवढाले पंखे. जेवण घरच्यासारखं. सहा महिन्यांत पर्मनंट!"

दत्ताचा चेहरा खुलला. नानांनी मांडीवर थाप मारली, "आता कशा खरं बोलल्या!" साहेबही समाधानाने मान डोलवत होते. मला तेव्हा रडावं की हसावं ते कळेना.

दत्ता रुजू झाला आणि, ऐका हं, टिकला! टिकेल नाहीतर काय, नानांच्या शब्दावर लागलेला माणूस पळून जाणार कुठे? साहेब खूश, मी जागेवर. परवा दुपारी कॅन्टीनमध्ये तो ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. मानेवरचा घाम पुसला.

"मॅडम, तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलेलं सगळं खरं निघालं की!"

काय सांगू, इतकं बरं वाटलं मला! एकाला तरी कळलं. "मग? तेव्हाच नव्हते का सांगत?"

"ते बी खरंच. पर मग दुसऱ्या दिवशी पंख्याचं खोटं कामून बोलल्या?"

मी आपलं ते हळदीचं पाणी भातावर ओतलं. आता अख्खं प्रेस शॉप मला 'थापाडी' म्हणतं, आणि ते नाव पाडलं कुणी? उभ्या नोकरीत ज्या एकाला मी खरं सांगितलं, त्याने!