दहापैकी सहा

शहरातला कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, हे आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात एक संगणक ठरवतो. त्याला ज्या भाषेत सूचना द्यायच्या, ती अख्ख्या कार्यालयात एका बाईंनाच येते. आमच्याच एका साहेबांनी ही प्रोग्रॅमिंगची भाषा हौसेनं बनवली, बाईंना शिकवली आणि निवृत्त होऊन स्वतः सुटले. तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, बाई तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसतात. कुणाचं काही अडलं की त्याच समजावून सांगतात, म्हणून आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणतो.

बाईंना नोकरी सोडायची होती. थोरली बहीण दुसऱ्या गावी एकटी, आणि तिचं विसरणं वाढत चाललेलं. "ती मला ओळखतेय तोवर जाऊ द्या," एवढंच त्यांचं मागणं. वरून उत्तर आलं, की आधी या भाषेचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ती शिकवणारी पुस्तिका, लिहा. नवख्या माणसानं नुसतं ते वाचून, तुम्हाला चकार शब्द न विचारता तीन कामं केली, की तुम्ही मोकळ्या. गुण द्यायचं काम माझ्याकडे आलं. दहापैकी आठ हवेत.

पहिल्या चाचणीत नवख्यानं नुसतं डोकं खाजवलं आणि बाईंनी उत्तर देऊन टाकलं. जन्माची खोड! मी शून्य दिलं. दुसऱ्या वेळी त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या, पण चूक कशी शोधायची याचं पानच पुस्तिकेत नव्हतं. हे तर कुणालाही कळतं, म्हणाल्या. सव्वीस वर्षं एकटं बसलं की असं वाटायचंच. चार गुण.

तिसऱ्या वेळी त्यांनी जीव ओतला. कंत्राटावर आलेल्या एका मुलीनं मान वर न करता तिन्ही कामं जेवणाच्या सुट्टीआधी उरकली. मी खुशीत पेन उघडलं, आणि तिथेच माशी शिंकली. मुलगी दोन महिन्यांनी जाणार. मग या खोलीत कोण बसणार? पुस्तिका पानन्‌पान वाचलेला दुसरा माणूस एकच होता, मी. मी लिहिलं, 'उदाहरणं अपुरी.' सहा गुण. पुढची चाचणी सहा महिन्यांनी.

वाटलं, बाई भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वही घेऊन आल्या आणि कुठलं उदाहरण कमी पडलं ते विचारू लागल्या. मी समोर आलेल्या पानावर बोट ठेवलं. त्यांनी बराच वेळ ते पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाल्या. लाज वाटली, आजही वाटते. पण गुण काही मी बदलले नाहीत.

सहा महिने मन खात राहिलं. शेवटी चाचणीच्या सकाळीच दहापैकी दहाचा कागद सही करून खाली नेला.

"ठेवा तिथे," बाई म्हणाल्या. "परवा फोनवर ताईनं विचारलं, कोण बोलतंय. मी नाव सांगितलं. तर म्हणाली, या नावाची एक बहीण होती मला."

मी कागद टेबलावर ठेवला.

"आता कसली घाई?" म्हणाल्या आणि कामाला लागल्या.