मॅग्नॅनिमसपुढची रिकामी जागा

इंग्रजी शब्द माझ्या डोक्यात टिकत नाहीत, हे सांगायला मी लाजत नाही. बँकेच्या परीक्षेसाठी मोबाईलवर रोज दहा अवघड शब्द यायचे. सकाळी पाठ केलेले शब्द संध्याकाळी भाकरी थापताना कुठे गेलेले असायचे, देव जाणे. त्यात वयाची अट. त्या वर्षी हुकलं की कायमचं हुकलं. लग्न होऊन राहुरीजवळच्या या घरात आल्यापासून मी दोनदा नापास झाले होते आणि दोन्ही वेळा इंग्रजीनेच घात केला होता.

मग मी एक आगाऊपणा केला. वही घातली, शब्दापुढे मराठी अर्थ लिहिला आणि अर्थापुढे घरातलं एक माणूस. गॅरुलस, बडबड्या: आमच्या चुलत सासूबाई. विरजण मागायला नऊला येतात, अकराला जातात आणि जाताना विरजण विसरतात. पार्सिमोनियस, कंजूष: आमचे हे. कालव्याच्या उतारावर पेट्रोल वाचवायला मोटारसायकल बंद करतात, मग चढाला मी उतरून ढकलते. ऑब्स्टिनेट, हट्टी: मामा, म्हणजे सासरे. त्यांना चष्मा लागलाय हे ते सोडून सगळ्या गावाला माहीत आहे. शब्द असे चिकटले की विचारू नका.

आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या वाट्याला तीन शब्द आले. टॅसिटर्न, मोजकं बोलणारी. ऑस्टिअर, करडी. आणि इम्प्लॅकेबल, कितीही मनधरणी करा, न विरघळणारी. खोटं कशाला बोलू, लिहिताना मला मजा आली. अख्ख्या वहीत एकाच शब्दाला माणूस मिळेना. मॅग्नॅनिमस. मोठ्या मनाचा, मनात अढी न धरणारा. सगळं सासर आणि अर्धं माहेर धुंडाळलं, पण नाही. माणूस नाही म्हणून तो पाठही होईना.

हॉल तिकीट आलं, तोवर आत्याबाईंनी कुरडयांचा गहू भिजत घातला होता. तीन दिवस भिजलेला गहू वाटून चीक काढला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिजवावाच लागतो, नाहीतर आंबून वाया. ती सकाळ नेमकी माझ्या परीक्षेची. आणि तो दाटसर चीक सतत हाटत राहायला दमदार हात लागतात. आमच्या घरात ते माझे. मी आत्याबाईंना तारीख सांगितली. त्या काहीच बोलल्या नाहीत. टॅसिटर्न.

आदल्या दिवशी चीक गाळायला गल्लीतल्या बायका जमल्या. माहेरपणाला आलेली नणंद मिठाचा डबा शोधायला आत गेली आणि फळीवरची वही घेऊन बाहेर आली. मी हिसकावायच्या आत तिने वाचायला सुरुवात केली. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. चुलत सासूबाईंनी आपला शब्द दोनदा म्हणून घेतला आणि त्यावर अर्धा तास बोलल्या. नणंदेला जोर चढला, आणि त्याच भरात तिने आत्याबाईंचे तिन्ही शब्द अर्थासकट वाचून टाकले.

बायकांचे हात थांबले. आत्याबाईंचा गाळणारा हात मात्र थांबला नाही. मला तोंड कुठे लपवू असं झालं. आता कसली परीक्षा नि कसलं काय. आपल्याच हाताने आपण घालवली, असं म्हणत मी रात्री गुपचूप निजले.

पहाटे उठून बाहेर आले तर अंगणातल्या चुलीवर पातेलं चढलेलं. मामांनी फडक्याने ते धरलेलं आणि आत्याबाई दोन्ही हातांनी चीक हाटत होत्या. शेजारी ओट्यावर माझी वही. सातवी शिकलेल्या बाईला मराठी अर्थ वाचायला कितीसा वेळ लागतो.

"पेपर कवा हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नऊला, नगरला.

"मंग हितं काय करतीस? आवर."

मी हाटायचा दांडा घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिला नाही. पातेल्यातून नजर न काढता म्हणाल्या, "त्या एका शब्दाफुडं कुनीच न्हाई. का?"

"सापडलं नाही कुणी."

"शोध," असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

त्या दिवशी ह्यांनी उतारावर गाडी बंद केली नाही. वहीचा एवढा तरी धाक बसला. वाटेत मला रडू येत होतं आणि ते वाऱ्यावर ढकलता आलं, हे बरं झालं. पेपरात हट्टी आला, कंजूष आला, मॅग्नॅनिमस काही आला नाही. पण तिसऱ्या खेपेला मी पास झाले. आज केडगावच्या एका बँकेत काउंटरवर बसते.

परीक्षेच्या त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा गच्चीवर जुन्या साड्यांवर कुरडया वाळत होत्या. आत्याबाई खाली बसून वाफेने पोळलेल्या मनगटाला तूप लावत होत्या. मी वही काढली, रिकाम्या जागेत लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी वही लांब धरून सावकाश वाचली. मग पानं मागे उलटली.

"आन ह्ये तीन खोडलं न्हाईस व्हय?"

"नाही."

"नगं खोडू," त्या म्हणाल्या. "ते बी खरंच हाय."