रोवणीत प्रश्न, कापणीत उत्तर

नाटक-सिनेमाच्या वर्गात तीन वर्षं काढली की माणूस नट होतो की नाही ते मला माहीत नाही, पण त्याच्याजवळ किस्से मात्र भल्ले साचतात! आम्ही वर्गात नऊ जण होतो. आता कोणाच्या लग्नात दोघं जरी भेटलो, तरी "अबे, ते आठवते का?" सुरू होतं. पंगत उठून जाते, भांडी घासून होतात, आम्ही तिथंच. परवा आई वैतागून म्हणाली, "एकदाचं लिहून काढ बाप्पा, म्हणजे तुझं तोंड तरी बंद होईन!"

घे आई.

*

मी तुमसरचा. बाबा राईस मिलमध्ये कामाला. भंडाऱ्याच्या कॉलेजात नाट्यशास्त्र आणि चित्रपट शिकायला ॲडमिशन घेतली असं घरी सांगितलं, तेव्हा बाबा जेवता जेवता थांबले. "सिनेमा शिकायले कॉलेज कायले लागते? टॉकीज आहे ना!" एवढं बोलून त्यांनी भात पुढं ओढला. विरोध म्हणाल तर एवढाच.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय शिकून राहिला रे, अक्षय?"

"नाट्यशास्त्र, काकू."

काकूंनी लगेच पदराला हात पुसला आणि मनगट माझ्यापुढं धरलं. "मंग पाह्य बरं माझी नाडी!"

समजावून सांगावं असं वाटलं, पण आठवडाभरापूर्वीच सरांनी शिकवलं होतं, की समोरचा जे देईल ते नटानं नाकारायचं नाही. मी डोळे मिटले. नाडी धरली. गंभीर आवाजात म्हणालो, "पित्त आहे. तिखट कमी करा."

पंधरा दिवसांनी काकू घरी हजर. सोबत त्यांची बहीण! "मले फरक पडला. आता हिचं पाह्य."

*

वर्गातली दोन माणसं आधी सांगून ठेवतो. एक रोशन, जवाहरनगरचा. वडील फॅक्टरीत, राहणं क्वार्टरमध्ये, त्यामुळं गडी घड्याळाचा पक्का. तालमीत रडायला सांगितलं तरी विचारायचा, "सर, किती मिनिटं?"

दुसरी प्रणाली, आंबागडची. घरी धानाची शेती. आमच्या वर्गात खरी नटी एकच, ती. हे आम्ही बाकीचे आठ जण आजही मान्य करतो, आणि आमच्यात एवढं एकच एकमत आहे.

ॲडमिशनच्या दिवशी तिचे बाबा सोबत आले होते. मराठे सर, म्हणजे आमचे पुण्यात शिकून परतलेले विभागप्रमुख, त्यांना दहा मिनिटं नाटकाचं महत्त्व सांगत होते. संस्कृती झाली, व्यक्तिमत्त्व झालं, समाजप्रबोधन झालं. बाबा खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते. सर दमून थांबले, तेव्हा ते म्हणाले, "एक साल. नाटक पाह्यतो. मंग सांगतो."

झालं. उठले आणि निघाले!

"एवढ्याशा डायलॉगमध्ये एवढा सस्पेन्स!" रोशन म्हणाला. पण प्रणालीचा चेहरा उतरला होता. आत्यानं एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं. वर्षाच्या शेवटचं नाटक बाबांना पटलं तर पुढची दोन वर्षं, नाही पटलं तर सामान बांधून आंबागड. माणूस बोलणारा असता तर अंदाज तरी आला असता. ह्यांचं तर पोटातलं ओठावर यायलाच तयार नाही!

*

मराठे सरांचा पहिला हट्ट म्हणजे उच्चार. "मले नाही, मला! तुले नाही, तुला! रंगमंचावर शुद्ध बोला!" जो 'मले' म्हणेल त्यानं भिंतीकडं तोंड करून दहा वेळा 'मला' म्हणायचं. पहिल्या महिन्यात वर्गापेक्षा भिंतीनंच आमचा अभिनय जास्त पाहिला.

एकदा आम्ही चौघं मिळून स्टेजवरची लेव्हल हलवत होतो. लेव्हल म्हणजे लाकडी चौथरा, चांगला जडशीळ. सर स्वतः पुढं होऊन सूचना देत होते. "उचला, उचला, सावकाश, मी सांगतो तेव्हाच सो..."

रोशननं 'सोडा' पूर्ण ऐकायची वाट पाहिली नाही. लेव्हल सरांच्या अंगठ्यावर!

सर एका पायावर नाचत ओरडले, "अबे, मले लागलं ना बे!"

मग प्रणाली हळूच म्हणाली, "सर, भिंत तिकडं आहे."

सर अंगठा धरून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आता ते हसण्याचं की दुखण्याचं ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी लंगडत आले आणि म्हणाले, "दुखल्यावर जी भाषा तोंडून निघते, तीच नाटकात चालेल." त्या दिवसापासून भिंत सुटली.

*

आमच्या भागात नाटक म्हटलं की प्रॉम्प्टर पाहिजेच. स्टेजच्या पुढ्यात खड्ड्यात बसून तो अख्खं नाटक वाचतो आणि नट त्याच्यावर निर्धास्त असतात. हा वारसा जपायचा म्हणून कॉलेजच्या स्पर्धेत आम्ही रोशनला विंगेत पुस्तक घेऊन बसवलं.

सीन असा की माझा भाऊ लढाईत पडलाय आणि मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून शोक करतोय. शोक रंगात आला आणि पुढचं वाक्य डोक्यातून साफ! मी आशेनं विंगेकडं पाहिलं. रोशन कुजबुजला, "पुढं सरक बे, माईक पुढं आहे!"

मी दोन्ही हात आभाळाकडं नेले आणि काळीज फाटेल अशा आवाजात म्हणालो, "पुढं सरक बे! माईक पुढं आहे!"

आणि मेलेला भाऊ खरंच पुढं सरकला.

टाळ्या कडाडल्या! परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'मृत्यूकडे पाहण्याचा वेगळा दृष्टिकोन.'

*

सिनेमाचं प्रॅक्टिकल त्याहून भारी. दहा मिनिटांची फिल्म करायची होती. दिग्दर्शक मी. लोकेशन प्रणालीच्या बाबांचं शेत, आंबागडला. तिच्या बाबांनी 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही, म्हणून आम्ही 'हो' धरलं.

रोवणी चालू होती. बायका चिखलात वाकून रोपं लावत होत्या. मला तेच पाहिजे होतं, मागं काम चाललंय आणि पुढं प्रणाली. मी जोरात ओरडलो, "ॲक्शन!"

सगळ्या बायका काम सोडून ताठ उभ्या राहिल्या आणि कॅमेऱ्याकडं पाहायला लागल्या. एकीनं तर पदरही नीट केला.

"कट!" मी म्हणालो. बायका भराभर वाकल्या आणि रोपं लावायला लागल्या!

असं पाच वेळा झालं. माझा घसा बसला. बांधावर बसलेले प्रणालीचे बाबा तेव्हा दिवसातलं पहिलं वाक्य बोलले. "तू कट म्हन. मंग चालू कर."

राजेहो, जमलं ना! त्या दिवशी आमचा सिनेमा 'कट' म्हटलं की सुरू व्हायचा आणि 'ॲक्शन' म्हटलं की थांबायचा. मी आभार मानायला वळलो, तर बाबा बांध ओलांडून निघूनही गेले होते. प्रणाली म्हणाली, "खूश आहेत का चिडून आहेत, मलेच नाही समजत!" तिची धाकधूक मला त्या दिवशी नीट कळली.

एवढं करून निम्मीच फिल्म झाली. कॉलेजचा कॅमेरा एकच, तो प्राचार्यांच्या कार्यक्रमांना गेला आणि गेलाच. हातात आला तेव्हा आम्ही धावत शेतावर पोहोचलो, तर धान पिवळं होऊन कापणी सुरू! परीक्षा डोक्यावर. काय करता?

तर आमच्या फिल्ममध्ये हिरवीगार रोवणी चाललेली असताना प्रणाली विचारते, "माझ्याशी लग्न करशील?" आणि धानाच्या पेंढ्या बांधल्या जात असताना रोशन उत्तर देतो, "विचार करून सांगतो."

सर चष्मा काढून म्हणाले, "अरे, चार महिने विचारच करत होता का हा?"

रोशन म्हणाला, "सर, जन्माचा प्रश्न आहे."

*

आणि मग आलं वर्षाच्या शेवटचं नाटक.

नाटक आम्हीच लिहिलं होतं. पोरीला शिकायला नागपूरला जायचंय, बाप जाऊ देत नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी पोरगी परवानगी मागते, बाप 'नाही' म्हणतो आणि दुसऱ्या अंकात घरात रणधुमाळी. पोरगी प्रणाली, बाप रोशन. प्रणालीनं सरांच्या हातापाया पडून सांगितलं, "सर, विषय बदला ना! बाबाले वाटन मी त्याईलेच बोलून राहिली!" सर ऐकले नाहीत. तालमी झाल्या होत्या, पत्रिका छापल्या होत्या.

दुपारी चारचा प्रयोग. आमच्याकडं प्रेक्षकाला एखादा प्रवेश आवडला की तो 'वन्स मोअर' मागतो आणि नटानं तो पहिल्यापासून परत करायचा, असा रिवाज. सरांना तो मुळीच खपायचा नाही. म्हणून त्यांनी आधीच माईकवरून सांगितलं, "हे प्रायोगिक नाटक आहे. कृपया वन्स मोअर मागू नये."

प्रणालीचे बाबा अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ. मांडीवर पिशवी. आंबागडला परतायला तुमसरची गाडी धरायची होती त्यांना. मी विंगेतून प्रेक्षकांकडं कमी आणि त्यांच्याकडंच जास्त पाहत होतो. माणूस हसत नव्हता, हलत नव्हता.

अंकाचा शेवट आला. प्रणाली रोशनपुढं उभी राहिली. "बाबा, मी तुमच्या नावाले बट्टा नाही लावणार. पण इथं राहिली तं मी जिती असूनही नसल्यासारखीच. मले जाऊ द्या, बाबा."

"नाही!" रोशन गरजला.

मी पडद्याच्या दोरीला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वन्स मोअर!"

सगळ्या माना वळल्या. प्रणालीचे बाबा उभे होते. पिशवी खाली पडली होती.

मी सरांकडं पाहिलं. सर त्या माणसाकडं पाहत होते. मग हळूच म्हणाले, "करा."

प्रणाली आपल्या जागेवर परत गेली. परत चालत आली. या खेपेला ती रोशनकडं नाही, मागच्या रांगेकडं पाहत होती. "...मले जाऊ द्या, बाबा."

रोशननं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि त्याच्या आधी मागून आवाज आला.

"जाय ना, माय! जाय!"

रोशनचं तोंड उघडं ते उघडंच! अख्खा दुसरा अंक त्याच्या 'नाही'वर उभा होता. त्यानं विंगेकडं पाहिलं, मी सरांकडं पाहिलं.

सर म्हणाले, "पाड पडदा. बाप 'हो' म्हणाला, आता कसलं नाटक!"