बीटमामांची यादी

पुण्याच्या एका डीजेने आमच्या सिरसाळ्याच्या बीटमामांना फसवलं. मामांनी वर्षानुवर्षं ऐकून डार्क हार्डकोअर या काळोख्या, धडाधड ठोक्यांच्या डीजे-संगीताच्या ज्या जाती ठरवल्या, त्यांना जी नावं दिली, ती त्याने उचलली आणि स्वतःच्या नावावर इंटरनेटवर टाकली. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणाला शंका नको.

मामा गाणं पाठीने ऐकायचे. स्पीकरकडे पाठ करून उलट्या बादलीवर बसायचे, डोळे मिटायचे आणि एक हात वर धरायचे. हात खाली आला की समजायचं, जात सापडली. "कानाला लबाडी जमती शेठ, पाठीला न्हाई," मला म्हणायचे. घर मेंढपाळाचं. कळपाकडे न बघता कोणती मेंढी खोकली ते सांगणारा माणूस. मी स्वतः केबली उचलत लग्न-वरातीच्या साउंडच्या धंद्यात आलो, दोन ट्रकचा मालक झालो. पण माझा साउंड जिल्ह्यात गाजला तो मामांना मिक्सरवर बसवल्यावर.

तेव्हा पोरं नुसतं "डार्क लावा" म्हणायची. लावलं की भांडण. एकाला धडधडणारं हवं, दुसऱ्याला घुमणारं. एकदा भर वरातीत दोन मेव्हण्यांनी यावरून एकमेकांच्या कॉलरी धरल्या, तेव्हा मामा वैतागले. "ज्वारी येगळी, बाजरी येगळी म्हणतो का न्हाई आपण? मग ह्याला समद्याला एकच नाव कावून?"

त्यांचा नियम साधा होता. ठोका किती जोरात आहे ते बघायचं नाही, दोन ठोक्यांच्या मधे काय आहे ते बघायचं. तिथे थरथर भरलेली असली तर ते 'इंजन', शेतातल्या डिझेल पंपासारखं. लोखंड खरवडत असलं तर 'जिनिंग', सरकी काढणाऱ्या कापसाच्या कारखान्यासारखं. आवाज तळाला आपटून पुन्हा वर येत असला तर 'कोरडी विहीर'.

मी म्हणालो, "मामा, 'महाकाळ', 'स्मशान' असलं काहीतरी ठेवा. गिऱ्हाईक दचकलं की भाव वाढतो."

"शेठ, नाव भ्या दाखवायला न्हाई, वळखायला असतंय."

तासभर घासाघीस केली. आयुष्यात हरलेला माझा तो एकच सौदा.

तो पुणेकर माझे जुने ॲम्प्लिफायर घ्यायला आला होता. भावावरून मी घसा सुकेपर्यंत हुज्जत घातली आणि जिंकलो म्हणून खुशीत चहा सांगायला गेलो. तेवढ्यात मामांनी त्याला स्वतःच्या बादलीवर बसवून सगळ्या जाती ऐकवल्या आणि त्याने त्या मोबाइलमध्ये उतरवून घेतल्या. मी खोक्यांचा भाव करत होतो. खरा माल फुकट गेला.

पुढे युसूफ वडगावला साउंडची स्पर्धा भरली. परीक्षक तोच. स्टेजवरून "माझं वर्गीकरण" म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. मी माईक हिसकावला. "कुणाचं बे? ज्याचं हाय तो हितं बसलाय!"

तो हसला. "मग ओळखू दे त्यांना." त्याने एक ट्रॅक लावला, वेग अफाट. मामा पाठ करून उभे राहिले. एक हात वर धरला. हात खाली आला.

"विहीर."

"चुकलं! एवढा वेग म्हणजे इंजनच."

"वेग तुमी वाढवलाय, सायेब. मेंढी पळवली म्हणून तिची घोडी हुती का? मूळ वेगाव आना."

मी स्वतः जाऊन मिक्सरवरचा वेग उतरवला. ठोका पडला, खोल गेला, तळाला आपटून सावकाश वर आला. सगळं मैदान ओरडलं, "विहीर! विहीर!" पोरांनी मामांना खांद्यावर घेतलं. मामा वरून कावरेबावरे होऊन म्हणत होते, "उतरवा रं, पडन मी!" परीक्षक साहेब मागच्या बाजूने गाडीत बसले.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. पण शिरूर कासारचं गिऱ्हाईक आज फोनवर सांगतं, "आधी दोन इंजन, मग विहीर." परदेशातला कुणी एक जण आपल्या ट्रॅकवर चक्क देवनागरीत 'जिनिंग' लिहितो. मामा जिंकले. छातीठोक सांगतो, जिंकले.

इंटरनेटवरचं ते पान मात्र अजून त्याच्याच नावावर आहे. फोन केला तर म्हणतो, "बघतो." अरे, काय बघतोस? मैदानभर माणसांनी बघितलं! यादी ठेव, वापर, जगाला वाट. मला तुझा एक रुपया नको. फक्त वर लिही: सिरसाळ्याच्या बीटमामांनी ठरवलेली. एवढी एक ओळ लिहायला तुझा हात का उचलत नाही? चारचौघांत विचारतोय. चारचौघांत उत्तर दे.